रेइनो हकालाचा पाय

१

रेइनो हकालाच्या डाव्या पायावरची पट्टी सुटली आणि मार्लिस कँगास वाकून पाहू लागली. नडगीवर तळहाताएवढा खड्डा पडला होता. मधलं मांस लालभडक, काठ जांभळे आणि आतून पोखरलेले.

"मी मागच्या वेळी साफ केली तेव्हा ही जखम निम्मी होती," सर्जन वेल्श म्हणाले. "मेलेलं मांस कापून काढलं, खाली निरोगी मांस दिसेपर्यंत. घरी पाठवलं, तर अशी होऊन परत आली. त्याच्या आधीही हेच झालं होतं."

"जंतू?"

"पुन्हा पुन्हा तपासले. काही सापडत नाही. तरी अँटिबायोटिकं बदलून बदलून दिली. रक्तपुरवठा नीट आहे, साखर नाही. रक्ताच्या रोगाच्या गोळीवर संशय होता, म्हणून ती थांबवून पाहिली. उपयोग शून्य."

त्यांनी मार्लिसला दाराबाहेर नेलं आणि आवाज खाली आणला. "इथून साफ होऊन जाते आणि घरी गेली की चिघळते. माझ्याकडे एकच उत्तर उरलंय. घरात कोणीतरी ती मुद्दाम उकरतंय. म्हणून तुमच्या खात्याला फोन केला."

मार्लिसचं खातं काउंटीचं, म्हणजे जिल्हा सरकारचं होतं. थकलेल्या माणसांना त्यांच्याच घरात कोणी छळतं का, हे शोधायचं. वीसेक वर्षं ती हेच करत होती आणि 'कोण' या प्रश्नाचं उत्तर सहसा पहिल्या दुपारीच मिळत असे.

"घाई का आहे ते सांगतो," वेल्श म्हणाले. "शुक्रवारी मी हा पाय गुडघ्याखालून काढणार आहे. त्यांना मायलोफायब्रोसिस आहे. हाडांच्या आतल्या मगजात जाळी धरते आणि रक्त धड बनत नाही. रोग संथ आहे, वर्षानुवर्षं ते त्याच्याबरोबर जगतायत. पण अशा रक्ताचा माणूस एवढ्या मोठ्या ऑपरेशनातून उठेल, अशी खात्री मी देऊ शकत नाही. आणि उठलेच, तर त्यांना त्याच घरी कसं पाठवू?"

रेइनो जन्मभर सुपिरियर सरोवरावर मासे धरत आला होता. हाडं मोठी, अंगावर मांस उरलेलं नाही. मार्लिसनं खुर्ची ओढली तसा तो म्हणाला, "तू कशाला आलीस ते मला कळलंय. माझ्या जखमेला कोणी हात लावला असता, तर मी त्याचं मनगट तिथंच मोडलं असतं."

"तुम्ही झोपेत असताना?"

"मी झोपतो कुठं?"

एवढ्यात त्याची उशी सारखी करणारी नर्स बेव थबकली. तिनं त्याच्या उजव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर जांभळा, पाणीदार फोड आला होता.

"हे काल नव्हतं," ती म्हणाली.

"काल इथं कोण बसलं होतं?" मार्लिसनं विचारलं.

बेवनं आधी रेइनोकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "त्यांची सून. दिवसभर."

२

कॉरिन हकाला अल्डर पॉइंटच्या घरात ओट्याशी पॅस्टीसाठी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजायच्या मोठ्या करंज्यांसाठी, पीठ लाटत होती. मार्लिस आली म्हणून तिनं लाटणं ठेवलं नाही.

"विचारा काय विचारायचं ते," ती म्हणाली. "हात चालू राहिले तर चालेल ना?"

"जखम सुरू कशी झाली?"

"बाबांची नडगी सरपणाच्या पेटीवर आपटली. एवढासा ओरखडा. मी म्हटलं, पट्टी लावते, तर म्हणाले, 'मी काय बालवाडीत आहे?' मग पुळी आली, ती फुटली, आणि पसरायलाच लागली."

"पट्टी कोण बदलायचं?"

"मी. या घरात दुसरं आहे कोण?"

रेइनोचा मुलगा एरिक लाकडाच्या ट्रकखाली गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. कॉरिन तेव्हापासून सासऱ्याजवळच राहिली होती. मार्लिसनं कारण विचारलं.

"ते जा म्हणाले नाहीत आणि मी जाते म्हणाले नाही. त्याला आणखी कारण लागतं का?"

"कंटाळा येत असेल."

"येतो ना. रोज येतो. त्यांना सौनाच्या वाफेत जाऊन बसू देत नाही, म्हणून रोज शिव्याही खाते. तुम्हाला तुमच्या कामाचा येत नाही?"

मार्लिसला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. वीस वर्षांत तिनं रडणारे पाहिले होते, गोडगोड बोलणारे पाहिले होते, वकिलाचं नाव घेणारेही पाहिले होते. ही बाई ताकास तूर लागू देत नव्हती, की हिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच, हेच कळेना.

"काल तुम्ही हॉस्पिटलात होता. त्यांच्या हाताला काही झालं का?"

"काही नाही. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते आणि ते प्रत्येक बातमीवर खेकसत होते." कॉरिननं पिठाची कड मुडपली. मग प्रथमच तिचे हात थांबले. "एक गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगणारच. ते तिखटमीठ लावून सांगतील, त्यापेक्षा मीच सांगते. शरदात मी ग्रीन बेला बहिणीकडे गेले होते, तिचं ऑपरेशन होतं. माझ्या जागी सिल्विया आली होती. बाबांची मुलगी."

"मग?"

"मी नव्हते तेवढ्याच दिवसांत ती जखम भरायला लागली होती."

३

सिल्विया ॲरिझोनाहून आली होती आणि थंडीनं हैराण होऊन मोटेलच्या खोलीत कोट घालूनच बसली होती.

"मी आले, जखम भरायला लागली. ती परतली, पुन्हा चिघळली. यात शोधायचं काय राहिलंय?" ती म्हणाली. "आणि ती त्यांना बाबा म्हणते. बाप माझा आहे."

"ते दिवस कसे होते?"

"बाबा ओळखू येत नव्हते. मी पोचले तेव्हा पायाचा अंगठा सुजून टम्म झाला होता, कण्हत पडले होते. दोनतीन दिवसांत ते कुठल्या कुठं गेलं. मग काय विचारता. एका बैठकीला तीन पॅस्टी. अंधार फिटायच्या आत उठून खुडबुड. जाळ्यांची अख्खी खोली आवरली. पत्त्यांत मी चोरी करते म्हणून माझ्याशी कडाकडा भांडले." तिचे डोळे भरले. "त्या बाईची सावली उठली की माणूस असा उमलतो. हे तुम्हाला दिसत नाही?"

दिसत होतं. नको इतकं स्वच्छ दिसत होतं. मार्लिसनं त्याच दुपारी कॉरिनला रेइनोच्या खोलीत यायला मनाई केली.

कॉरिन मटारच्या सुपाचा डबा घेऊन आली होती. मनाई तिनं दारातच ऐकून घेतली. वाद घातला नाही. डबा बेवच्या हाती देऊ लागली, तर मार्लिसला म्हणावं लागलं, "तोही नको." कॉरिननं डबा परत पिशवीत ठेवला, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं आणि निघून गेली.

रेइनोनं त्या दिवसापासून मार्लिसशी बोलणं सोडलं.

हाताचा फोड मात्र मनाई पाळेना. तो फुटला, त्याची जखम झाली, काठ जांभळे झाले आणि ती पसरू लागली. नडगीही तसूभर हटली नाही. खोलीत आता येत होती ती एकटी सिल्विया.

"मग मुलगीच असेल," मार्लिसचा वरिष्ठ डेनी फोनवर म्हणाला. "कोणीतरी एक ठरव ना. सर्जन माझ्या डोक्यावर बसलाय."

"ती गेली होती ॲरिझोनाला, डेनी. मधल्या काळात जखम कोणी वाढवली?"

"तेच शोधायला तुला पगार मिळतो."

तिनं सिल्वियालाही विचारलं. सिल्विया कोटाची बटणं लावत म्हणाली, "परवा तुम्ही माझं ऐकून तिला हाकललंत. आज मला हाकलताय. उद्या काय, बाबांनाच हाकलणार?" आणि पाय आपटत गेली.

आता खोलीत घरचं कोणीच येत नव्हतं. मार्लिसनं स्वतः दाराशी खुर्ची टाकली. एकाला सोडायचं, दुसऱ्याला धरायचं, पुन्हा पहिल्याकडे यायचं. नक्की कुठं घोडं पेंड खातंय ते समजत नव्हतं, आणि शुक्रवार अंगावर येत होता.

बेव आतून बाहेर आली.

"शुक्रवारच्या ऑपरेशनाआधी तपासायला म्हणून रक्ताच्या डॉक्टरांनी सुईनं यांच्या कमरेच्या हाडातून मगज काढून घेतला होता ना? त्या जागेवर मी प्लॅस्टिकची चिकट पट्टी लावली होती. ती आज सोडली. मी लावली होती तशीच होती, एक कोपरासुद्धा सुटलेला नव्हता."

"बरं मग?"

"खाली तसाच जांभळा खड्डा पडायला लागलाय."

४

मार्लिस हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जाऊन बसली. समोरची कॉफी निवत गेली.

मिटलेल्या पट्टीखाली कोणी बोट घालत नाही. सून नाही, मुलगी नाही, आणि पालथं वळून तिथं स्वतःचा हात पोचवण्याची ताकद रेइनोतही नाही. म्हणजे इतके दिवस ती ज्याच्या मागं धावत होती तो माणूसच अस्तित्वात नव्हता. वीस वर्षांत तिनं 'कोण' सोडून दुसरा प्रश्न विचारला नव्हता. आता तो काढून घेतला, तर हातात काय उरतं?

तिन्ही जखमांच्या जागा उरतात. ती उठून बेवकडे गेली.

"हातावर फोड आला, तिथं त्याआधी काय होतं?"

"सलाईनची सुई होती. आदल्या दिवशी काढली मी ती."

हातात सुई. कमरेत सुई. नडगीवर आधी लाकडाचा ओरखडा, मग सुरी, मग पुन्हा सुरी. जिथं जिथं कातडी फाटली तिथं तिथं जखम चालत आली होती. आणि पहिला ओरखडा सोडला, तर प्रत्येक वेळी हत्यार धरणारा हात याच इमारतीतला होता.

पण लगेच एक गाठ आडवी आली. ती शरदातली गोष्ट. ओरखड्यानं नि सुरीनं वाढणारी जखम त्या आठवड्यात आपणहून भरायला का लागली? कॉरिन गेली, हे खरं. पण तेव्हा आणखी काय घडलं होतं?

ती रेइनोच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"शिव्या नंतर द्या," ती म्हणाली. "सिल्विया आली तेव्हा तुमचा अंगठा सुजला होता. त्यावर काय घेतलंत?"

तो भिंतीलाच म्हणाला, "गावातल्या क्लिनिकमधनं गोळ्या आणल्या सिल्वियानं. गाऊट होता. नेहमीची गोळी माझ्या किडनीला चालत नाही, म्हणून दुसरी दिली."

"त्या खाऊन भूक लागायची?"

"लांडग्यासारखी."

"झोप?"

"झोप कसली. अंगात नुसतं वारं भरलं होतं." तो हळूहळू तिच्याकडे वळला. "का?"

मार्लिसच्या नवऱ्याला दमा होता. दमा फार उसळला की डॉक्टर त्याला अशाच गोळ्या देत, आणि तो घरात उभं असलेलं सगळं खाऊन टाकायचा आणि उजाडायच्या आत गॅरेज आवरायला घ्यायचा. सिल्वियानं वर्णन केलं होतं ते आनंदानं उमललेल्या माणसाचं नव्हतंच.

"क्लिनिकला फोन करा," तिनं रेइनोच्या हातात फोन दिला. "तुमची गोळी कोणती ते तिथले लोक तुम्हालाच सांगतील, मला नाही. आणि संपली कधी तेही विचारा."

त्यानं विचारलं. पलीकडचं नाव ऐकून त्यानं ते अक्षर-अक्षर फोडत मार्लिसला सांगितलं. प्रेडनिसोन. स्टेरॉईड. कॉरिन ग्रीन बेहून परतली, त्याच सुमाराला पुडी संपली होती.

५

वेल्शच्या खोलीत त्यांच्यासमोर चौघी होत्या. मार्लिस, बेव, आणि एकमेकींकडे न बघता दोन टोकांना बसलेल्या कॉरिन नि सिल्विया. वेल्शनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मिसेस कँगास, तुम्ही म्हणताय की यांना स्टेरॉईडनं बरं वाटलं, म्हणून ते द्यावं. उघड्या, सडणाऱ्या जखमेवर, आणि असल्या रक्ताच्या माणसाला? आत जंतू असतील तर ते आगीत तेल होईल. आठवड्यात मरतील ते."

"मी काहीच द्या म्हणत नाही. मला औषधातलं कळत नाही. मी एवढंच विचारते, जंतू आहेत कुठं? नाहीत, असं तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत. नाहीत म्हणूनच तर तुम्ही माणूस शोधायला मला बोलावलंत."

वेल्शनी रेइनोची फाइल पुढं ओढली.

"मी माणूस शोधला," मार्लिस म्हणाली. "या दोघींना बाहेर काढलं, तरी थांबलं नाही. बंद पट्टीखाली झालं. कातडी फाटेल तिथं होतं, आणि एकदाच मागं हटलं, ते त्या गोळ्या पोटात होत्या तेव्हा. असं वागणारं काही असतं का? नसेल तर मी चुकले."

वेल्श खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवू पाहणाऱ्या माणसासारखे ते छताकडे बघत होते.

"असतं," शेवटी ते हळूच म्हणाले. "शिकताना वाचलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही." त्यांनी फोन उचलला.

थोड्याच वेळात पडद्यावर डेट्रॉईटहून डॉक्टर इमान हद्दाद दिसू लागल्या. त्या त्वचेच्या डॉक्टर होत्या. जखमांचे फोटो त्यांनी पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. वेल्शनी कापलेल्या मांसाचे तुकडे तपासणीसाठी जपून ठेवले होते, सूक्ष्मदर्शकाखाली ते कसे दिसतात त्याचे फोटोही मागवून घेतले.

"काठ बघा," त्या म्हणाल्या. "जांभळे आणि आतून पोकळ. आणि या तुकड्यात पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड आहे. जंतू एक नाही. याला पायोडर्मा गँग्रिनोसम म्हणतात. नाव फसवं आहे, त्यात जंतूंचा पू नाही आणि गँग्रीनही नाही. रक्ताचे असे संथ रोग असले की कधी कधी या पेशी वाट चुकतात. कुठं जरा खरचटलं की रक्षण करायला धावतात आणि आपलंच मांस खातात. आपण ते मांस कापलं की त्यांना आणखी एक जखम मिळते."

"म्हणजे मी प्रत्येक वेळी…" वेल्शनी वाक्य पुरं केलं नाही.

"दुसऱ्या कुठल्याही जखमेला जे करायला हवं तेच केलंत. याच जखमेला ते चालत नाही." हद्दादबाई थांबल्या. "खात्री देणारी चाचणी याला नाही. बाकी सगळं वगळत इथं यावं लागतं, आणि वगळायचं काम तुम्ही करून ठेवलंय. स्टेरॉईड सुरू करा, मी रोज बघेन. ताप आला तर लगेच थांबू. पण उद्या पाय कापलात तर उरलेल्या खुंटावरही हेच येईल."

वेल्शनी ऑपरेशनच्या खोलीला फोन लावला आणि शुक्रवारची वेळ रद्द केली.

सिल्विया कॉरिनकडे वळली. "मला वाटलं…"

"माहीत आहे तुला काय वाटलं ते," कॉरिन म्हणाली. ती उठून थेट रेइनोच्या खोलीकडे निघाली. तिला अडवायला मार्लिस जागची हलली नाही.

६

पहिल्या गोळ्यांनीच जखमेची ठणक कमी झाली. मग काठांचा जांभळेपणा फिका होत गेला, आणि हिवाळा ओसरेपर्यंत नडगीवर सुरकुतलेली, कागदासारखी नवी कातडी आली. पाय वाचला. रक्ताच्या डॉक्टरांनी मात्र रेइनोला बसवून सांगितलं की पेशी अशा बिथरणं हे मगज आणखी बिघडत चालल्याचं लक्षणही असू शकतं, आता डोळ्यांत तेल घालून राहायला हवं. रेइनो म्हणाला, "मगज बिघडला तर बिघडला. निदान दोन पायांवर चालताना बिघडेल."

सिल्विया परत गेली. जाताना तिनं कॉरिनला मिठी मारली, पण ती ओझं उतरवावं तशी होती, असं बेवनं मार्लिसला सांगितलं.

डेनी म्हणाला, छान काम केलंस. मार्लिसला ते शब्द टोचत राहिले. कोणाचाच गुन्हा नसलेलं प्रकरण तिच्या टेबलावर आलं होतं, आणि तिनं त्यातून एक बाई दोषी करून दाखवली होती. एका म्हाताऱ्याला त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत एकटं पाडलं होतं. प्रकरण मिटल्याचं फोनवर सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. तरी ती गाडी काढून अल्डर पॉइंटला गेली.

कॉरिननं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली. आतून भाजलेल्या पॅस्टीचा वास येत होता.

"प्रकरण बंद केलं," मार्लिस म्हणाली. "तुमच्याविरुद्ध काही राहिलेलं नाही. हे तोंडावर सांगायला आले."

"सांगितलंत."

"माझं चुकलं. ते सूप तरी मी आत जाऊ द्यायला हवं होतं."

"हो," कॉरिन म्हणाली. "द्यायला हवं होतं." तिनं नजर काढली नाही. "तुम्ही मला हजार प्रश्न विचारलेत. मी त्यांना त्रास देते का, कंटाळते का, कुठं गेले होते. त्यांना दुखतं तेव्हा मला कसं होतं, ते नाही विचारलंत. मी रोज ती पट्टी सोडायचे. रोज मोठी झालेली दिसायची. माझ्याच हातात काही विष आहे का, असं वाटायला लागलं होतं मला. तुम्ही यायच्या आधीपासून."

मार्लिस वळली आणि गाडीकडे निघाली.

"कॉरिन," आतून रेइनो ओरडला, "एकतर दार लाव, नाहीतर त्या बाईला आत घे. अख्ख्या काउंटीला ऊब देण्याइतकी लाकडं नाहीत माझ्याकडे."

मार्लिसचा हात गाडीच्या दारावर होता. मागं दार लागल्याचा आवाज येईल, म्हणून ती थांबली. तो आला नाही.

"पायातले बूट काढ," कॉरिन म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय."